रिकाम्या खुर्चीचं भाडं

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागात वर बघत चाललं, की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर एक पाटी पुन्हा पुन्हा दिसते: अभ्यासिका. त्याखाली बारीक अक्षरांत एसी, वायफाय, आरओचं पाणी, लॉकर, मुलींसाठी स्वतंत्र हॉल. आत प्लायवूडच्या फळ्या मारून पाडलेले दोन-अडीच फुटांचे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, मोबाइल-लॅपटॉप चार्ज करायला एक पॉइंट. महिन्याचे पैसे भरले की खुर्ची तुमची. पुढच्या महिन्यात नको असेल तर सांगून मोकळे व्हा.

पुण्यात बाणेर, बालेवाडी, खराडी, विमाननगर या भागांत हाच धंदा काचेच्या दारामागं चालतो. तिथं त्याला कोवर्किंग म्हणतात. खुर्ची फिरती असते, कॉफीचं मशीन असतं, भिंतीवर इंग्रजीत काहीतरी जोशपूर्ण लिहिलेलं असतं आणि दर सात-आठपट असतो. पण हिशोबाच्या वहीत दोन्ही धंदे एकच आहेत. मोठी जागा लांब मुदतीनं घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि ते तुकडे छोट्या मुदतीनं विकायचे. मुदखेड, भोकर, अर्धापूरकडच्या ज्या पोरांना पुण्यात जाऊन कोवर्किंग टाकावं असं वाटतं, त्यांना या धंद्याचं निम्मं शिक्षण नांदेडच्या अभ्यासिकेत बसून झालेलं असतं. त्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं, एवढंच.

लातूरला हा धंदा आपोआप आला नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलं चढवायला सुरुवात केली, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेलं. मागोमाग नांदेडला खासगी शिकवण्या वाढल्या. बाहेरगावची मुलं आली. त्यांच्यासाठी वसतिगृहं निघाली, मेस निघाल्या, झेरॉक्सची दुकानं निघाली. एका खोलीत तिघं-चौघं राहायला लागले तेव्हा खोलीत अभ्यास होईना, आणि त्या अडचणीतून अभ्यासिका उभी राहिली. म्हणजे गरज आधी होती, खुर्ची नंतर आली. पुण्यात आज पुष्कळजण याच्या उलट करतात. आधी खुर्च्या मांडतात आणि मग त्या कुणाला लागतील याचा विचार करतात.

जगात ज्याला पहिलं कोवर्किंग म्हटलं जातं, तेही खुर्च्या मांडून वाट बघतच सुरू झालं होतं. ब्रॅड न्यूबर्ग या संगणक प्रोग्रॅमरनं ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्पायरल म्यूझ’ नावाच्या घरात ते उघडलं. महिना ३०० डॉलर देऊन त्यानं ती जागा आठवड्यातले दोनच दिवस, सोमवार आणि मंगळवार, घेतली होती. घडीची टेबलं मांडायची आणि संध्याकाळी आवरून ठेवायची. सोबत एकत्र जेवण, ध्यान, सायकलफेरी असा कार्यक्रम. पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही. पण दोनच दिवसांची जागा होती, त्यामुळं वाट बघणं त्याला परवडलं. त्याच्या गोष्टीतून लोक मैत्री आणि सहजीवन उचलतात. धंदा करणाऱ्यानं ते दोन दिवस उचलावेत.

मोठ्या प्रमाणावर हा व्यवहार त्याच्या आधीच सुरू झाला होता. मार्क डिक्सन या इंग्रज माणसानं १९८९ मध्ये ब्रुसेल्सला ‘रीगस’ सुरू केली. फिरतीवरच्या कंपनीवाल्यांना तयार केबिन, फोन आणि पत्ता भाड्यानं द्यायचा. इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत तिनं अमेरिकेत भराभर इमारती घेतल्या. तेजी ओसरली, गिऱ्हाइकं महिन्याच्या नोटिशीवर निघून गेली आणि इमारतीच्या मालकांचं भाडं मात्र वर्षानुवर्षं देणं लागत होतं. जानेवारी २००३ मध्ये रीगसच्या अमेरिकी धंद्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. घरमालकांशी पुन्हा बोलणी करून, भाडी कमी करून घेऊनच ती त्यातून बाहेर आली.

यातून कुणी शिकलं असेल तर ‘वीवर्क’ नक्कीच नाही. ही कंपनी २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. २०१९ च्या सुरुवातीला तिची किंमत ४७ अब्ज डॉलर लावली गेली. त्याच वर्षी शेअर बाजारात उतरण्यासाठी तिनं जी कागदपत्रं दाखल केली, त्यांत पुढच्या वर्षांत द्यायच्या भाड्याचा आकडा होता सुमारे ४७ अब्ज डॉलर. गंमत म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. आणि गिऱ्हाइकांनी पुढं देण्याचं पक्कं कबूल केलेली रक्कम किती? सुमारे ४ अब्ज. २०१८ मध्ये १.८ अब्ज डॉलरची कमाई आणि १.९ अब्जांचा तोटा. गुंतवणूकदारांनी कागद वाचले, शेअरची विक्री बारगळली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातली वीवर्क बंगळुरूच्या एम्बसी समूहाच्या ताब्यात होती, ती चालू राहिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या शेअर बाजारात आली. तिच्या आधी मे २०२४ मध्ये ‘ऑफिस (Awfis) स्पेस सोल्यूशन्स’, जुलै २०२५ मध्ये स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब यांचे शेअर आले होते. थोडक्यात, पुण्यात तुमच्या शेजारच्या इमारतीत जो बसला आहे त्याच्या पाठीशी शेअर बाजाराचा पैसा आहे. तुमच्या पाठीशी बहुधा वडिलांची जमीन किंवा भविष्यनिर्वाह निधी असेल.

आता वही काढू. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्या भागातले आकडे घालून हाच हिशोब प्रत्येकानं स्वतः करायचा आहे.

समजा, पुण्यात ३,००० चौरस फुटांची जागा ६० रुपये फुटानं मिळाली. महिन्याचं भाडं १ लाख ८० हजार. रस्ते, बैठकीची खोली, चहाचा कोपरा, स्वच्छतागृह धरून एका खुर्चीमागं साधारण ५० फूट जातात, म्हणजे ६० खुर्च्या. वीज ४० हजार. दोन माणसांचा पगार आणि इंटरनेट ६५ हजार. सफाई, चहा, दुरुस्ती ३५ हजार. महिन्याचा रोख खर्च झाला ३ लाख २० हजार. आत फर्निचर, वायरिंग, एसी यांना फुटामागं १,२०० रुपये धरले तर ३६ लाख. ते पाच वर्षांत वसूल करायचे म्हणजे महिन्याला ६० हजार. एकूण ३ लाख ८० हजार. खुर्चीचा दर जीएसटी सोडून ७,५०० रुपये. सगळ्या साठ खुर्च्या गेल्या तर साडेचार लाख येतील.

यात तोटा कुठं थांबतो? ५१ व्या खुर्चीवर. साठातल्या एक्कावन्न भरल्या, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी, की तुम्ही जेमतेम बरोबरीत. तोवर मालकाला, महावितरणला आणि सुताराला दिलं. तुम्हाला काही नाही. ५७ भरल्या तर महिन्याला साडेसत्तेचाळीस हजार हाती. ४२ भरल्या तर ६५ हजारांचा खड्डा. सत्तावन्न आणि बेचाळीस यांत फरक पंधरा माणसांचा. म्हणजे सात-आठ जणांच्या दोन छोट्या कंपन्या गेल्या की झालं.

आणि साठ माणसं पहिल्या दिवशी येत नाहीत. दर महिन्याला नव्या पाच खुर्च्या जातात असं धरू. नवख्यासाठी हे चांगलंच म्हणायचं. मग नवव्या महिन्यात कुठं महिन्याचा रोख खर्च निघतो. तोवरच्या आठ महिन्यांत खर्च २५ लाख ६० हजार, जमा साडेतेरा लाख. तूट १२ लाख १० हजार. सहा महिन्यांचं डिपॉझिट १० लाख ८० हजार वेगळं. फर्निचरचे ३६ लाख धरून ५९ लाख रुपये घालावे लागतात. बहुतेक जण छत्तीस लाखांची सोय करतात, डिपॉझिटसाठी इकडंतिकडं हात पसरतात आणि त्या बारा लाखांचा विचारच करत नाहीत. पहिल्या वर्षात बंद पडणाऱ्या जागा या बारा लाखांपायी पडतात. त्या वाईट चालवलेल्या असतात असं नाही.

मग शेजारचा दर पाडतो. त्याला बघून आपणही साडेसातचे साडेसहा हजार करतो. हजार रुपयांनी काय होतं? बरोबरीचा आकडा ५१ वरून ५९ वर जातो. साठातल्या एकोणसाठ भरल्या तरच पोटापुरतं. एकोणसाठ खुर्च्या कायम भरलेली जागा मी पुण्यात पाहिलेली नाही. ज्याच्याकडं शेअर बाजाराचा पैसा आहे तो दोन वर्षं दर पाडून बसू शकतो. त्याच्याशी दरात झुंजायला जाणारा माणूस मला शूर वाटत नाही.

तर मग करायचं काय? भाड्याचीच रीत बदलायची.

मराठवाड्यात जमीन दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन रीती सगळ्यांना ठाऊक आहेत. एक मक्ता, ज्याला कुठं ठोका म्हणतात: वर्षाचे ठरलेले पैसे द्यायचे, मग पाऊस पडो न पडो. दुसरी बटई: पीक येईल त्यात वाटा. ज्या मुलुखात पावसाचा भरवसा नाही, तिथं मक्त्यानं रान घेणारा माणूस फार विचार करून घेतो. कोवर्किंगमध्ये मात्र लोक डोळे झाकून मक्त्यानं जागा घेतात, तेही पाच-पाच वर्षांसाठी. रीगस आणि वीवर्क दोघीही मक्त्यातच बुडाल्या. या धंद्यातल्या शहाण्या कंपन्या बटईकडं वळल्या. रीगसची आजची मालक कंपनी आयडब्ल्यूजी नव्या जागा बऱ्याचशा मालकाशी व्यवस्थापनाचा करार करून चालवते. भारतातल्या ऑफिस स्पेस सोल्यूशन्सचा मोठा भागही असाच आहे: फर्निचरच्या खर्चाचा काही भार मालक उचलतो आणि आलेल्या कमाईत त्याचा वाटा असतो.

आपल्या उदाहरणात मालकाला १ लाख ८० हजार ठोक देण्याऐवजी जमेचा ४५ टक्के वाटा कबूल केला तर? ४२ खुर्च्या भरल्या असतील तर जमा ३ लाख १५ हजार, त्यातले मालकाचे सुमारे १ लाख ४२ हजार. तुमचा तोटा ६५ हजारांवरून सत्तावीस हजारांवर येतो. ५७ भरल्या तर मालकाला १ लाख ९२ हजार, म्हणजे ठोक भाड्यापेक्षा जास्त. तुमचा फायदा साडेसत्तेचाळीसवरून पस्तीस हजारांवर उतरतो. चांगल्या महिन्यातले बारा हजार देऊन वाईट महिन्यातले अडतीस हजार वाचवले. हा सौदा मी डोळे मिटून करीन.

मालक का करील? ज्याची जागा चार महिने रिकामी आहे तो करील. जिथं रोज दोन दलाल दारात उभे आहेत तो करणार नाही, आणि त्याच्या दारात आपण जायचंच नाही. पुण्यात मुख्य रस्त्यापासून आत, लिफ्ट असलेल्या पण जुन्या इमारतीत, बँक किंवा शोरूम सोडून गेलेले मजले असतात. तिथला मालक ऐकतो. तो किमान रक्कम मागेल. लाखभर कबूल करायला हरकत नाही. वर वाट्याचा हिशोब पारदर्शक हवा, म्हणून सगळी जमा एकाच बँक खात्यात आणि मालकाला ते खातं बघायची मुभा. बटईत भांडणं पिकावरून होत नाहीत, मापावरून होतात.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला आहे, कारण त्यावर बोलायला सगळ्यांनाच आवडतं. एकटा फ्रीलान्सर, मांडीवर लॅपटॉप, शेजारी कॉफी, हे चित्र जाहिरातीत असतं. मोठ्या कंपन्यांची खरी कमाई त्याच्यावर नाही. त्या आज शेकडो खुर्च्यांचे मजलेच्या मजले बड्या कंपन्यांना देतात. ते आपल्या आवाक्याबाहेर. राहतात ते दोन ते दहा जणांचे गट. त्यांच्याकडं नीट बघितलं पाहिजे, कारण त्यांतले बरेच खुर्चीसाठी येतच नाहीत.

पुण्यातलंच एक उदाहरण याची साक्ष देतं. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ चालतं. नफ्यासाठी नसलेली संस्था आहे, त्यामुळं तिच्याशी तुलना पुरती लागू नाही. पण ती भाड्यानं काय देते ते बघा: रसायनं हाताळता येतील असं प्रयोगशाळेतलं टेबल, आणि एकट्या नव्या कंपनीला कधीही परवडणार नाहीत अशी उपकरणं. जैवतंत्रज्ञानातली एखादी छोटी कंपनी तिथं जाते ती खुर्ची मऊ आहे म्हणून जात नाही. त्याही आधी, १९९० मध्ये पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वरला सरकारची सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाली. परदेशाशी उपग्रहावरून जोडणी मिळवणं तेव्हा छोट्या कंपनीच्या बापजन्मी झालं नसतं. पार्कनं ती एकदा उभारली आणि सगळ्यांना वाटून दिली. वाटून घेतली तर परवडेल अशी एखादी महाग गोष्ट तुमच्या जागेत असेल, तर शेजारच्याच्या दरानं तुम्हाला फरक पडत नाही.

आजच्या छोट्या जागेत ती कोणती असेल? पॉडकास्ट आणि शिकवणीचे व्हिडिओ काढण्यासाठी आवाज न घुमणारी खोली आणि चांगले माइक. वास्तुरचनाकारांसाठी मोठ्या कागदाचा प्रिंटर. सनदी लेखापालांसाठी कुलपाच्या कपाटांची रांग आणि रिटर्न भरायच्या हंगामात रात्री बारापर्यंत उघडं दार. भाषांतरकार, कायद्याचे मसुदे करणारे, नकाशे आखणारे, प्रत्येकाचं काहीतरी असतं. एक जात पकडावी आणि तिच्या कामाचं सगळं द्यावं. सगळ्यांसाठी उघडलेली जागा सगळ्यांसारखीच होते आणि मग तिला दराशिवाय बोलायला काही उरत नाही.

हे कळतं कसं? बसून कळत नाही. ज्या भागात जागा टाकायची तिथल्या चालू जागांत गिऱ्हाईक म्हणून एकेक दिवसाचा पास काढून बसावं. मंगळवारी अकरा वाजता किती खुर्च्यांवर माणसं आहेत आणि शनिवारी चार वाजता किती, हे मोजावं. फिरत्या खुर्च्यांचे पास खुर्च्यांपेक्षा जास्त विकलेले असतात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत. किती जास्त, ते असं मोजूनच कळतं. स्वच्छतागृहात जाऊन यावं. माणसं जागा सोडतात त्याची कारणं विचारली की पहिलं तिथलं निघतं, दुसरं शेजारच्याचं फोनवरचं बोलणं. (आपल्याकडं फोनवर बोलताना आवाज चढतो, पलीकडचा माणूस मुखेडला असो की शेजारच्या खोलीत. म्हणून फोनसाठी वेगळ्या दोन बंद खोल्या आधी, कॉफीचं मशीन मागून.) खाली चहाच्या टपरीवर रोज किती कप वर जातात तेही विचारावं. टपरीवाल्याला इमारतीतली भरती-ओहोटी व्यवस्थापकापेक्षा जास्त माहीत असते.

आणि मग एक कसोटी. जागेच्या करारावर सही करायच्या आधी दहा माणसांकडून एका महिन्याचे आगाऊ पैसे घेऊन दाखवावेत. कल्पना आवडली असं शंभरजण म्हणतील. पैसे दिले तर खरं.

कागदपत्रांत थोडक्यात सांगतो, कारण हे वकिलाकडून करून घ्यायचं काम आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावर टाकलेली आहे. करारात तुम्हाला जागा पुढं दुसऱ्यांना वापरायला देण्याची स्पष्ट परवानगी हवी. ती नसेल तर तुमचा अख्खा धंदाच कराराचा भंग ठरतो. लॉक-इन, म्हणजे करार सोडता न येणारा काळ, मालकावर लांब आणि तुमच्यावर आखूड असावा. छापील मसुद्यात बहुधा उलट असतं. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, त्यामुळं आपल्या उदाहरणातल्या जागेला १८ टक्के लावावेच लागतील, आणि ज्या गिऱ्हाइकाकडं जीएसटी क्रमांक नाही त्याला तो दरच वाटेल. नुसता पत्ता भाड्यानं देणं, म्हणजे कंपन्यांना नोंदणीसाठी तुमचा पत्ता वापरू देणं, ही खुर्ची न अडवणारी कमाई आहे आणि ती घ्यावी. पण त्या पत्त्यावर बनावट बिलं फाडणारी कंपनी निघाली तर जीएसटीचे अधिकारी तुमच्याच दारात येतात. चालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पत्ता देऊ नये.

तळघर घेऊ नका. भाडं निम्मं असतं, म्हणून मोह होतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरात तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघं विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघराला परवानगी होती ती सामान ठेवायला आणि गाड्या लावायला. तेव्हापासून पालक अभ्यासिकेत आले की बाहेर पडायचे जिने किती हे विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. प्लायवूडचे कप्पे, वर पडदे, खाली वायरींचं जाळं आणि एकच अरुंद जिना अशी जागा कितीही स्वस्तात मिळाली तरी घेण्यासारखी नाही.

या धंद्यातला हंगामही मराठवाड्यातल्या माणसाला नीट कळेल. लातूर-नांदेडची अभ्यासिका मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की रिकामी होते आणि जूननंतर नव्या तुकडीनं भरते. पुण्यातल्या सदाशिव, नारायण पेठांतल्या अभ्यासिकांचा हंगाम एमपीएससीच्या तारखांवर चालतो आणि त्या तारखा पुढं-मागं होतात. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढं ढकलली तेव्हा पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली होती. त्याच्या आदल्या वर्षी टाळेबंदी लागली आणि पेठांतली खोली, मेस, अभ्यासिका सगळंच एका आठवड्यात ओस पडलं. नांदेड, परभणी, हिंगोलीची पोरं गावी परतली. त्या काळात अभ्यासिका टिकली ती कुणाची? ज्याची जागा स्वतःची होती किंवा ज्याच्या मालकानं भाडं सोडलं त्याची. मक्त्यानं जागा घेतलेल्यांनी खुर्च्या जुन्या बाजारात विकल्या.

लातूरला आणखी एक खर्च धरावा लागतो, तो पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेलं शहर आहे ते. ऐंशी माणसं दिवसभर बसणाऱ्या जागेत टँकरचे पैसे हिशोबात नसतील तर एप्रिल-मे तोट्यातच जाणार. त्याच दोन महिन्यांत एसीचं बिलही सर्वांत जास्त, आणि मेमध्ये परीक्षा झाली की गिऱ्हाईक सर्वांत कमी.

आता ज्यांना हे प्रकरण वाचून पुण्याऐवजी घराजवळच काही करावंसं वाटत असेल त्यांच्यासाठी नांदेड आणि मुदखेड. नांदेडला कोवर्किंगचं गिऱ्हाईक आहे, पण ते लॅपटॉपवालं थोडं. बियाणं आणि खतांच्या कंपन्यांचे विभागीय अधिकारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, विम्याचे सर्वेक्षक, बाहेरच्या वित्त कंपन्यांचे वसुली व्यवस्थापक अशी बरीच माणसं शहरात कार्यालयाशिवाय फिरतात. बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये घेतात, कागद गाडीच्या डिकीत ठेवतात. त्यांना रोज खुर्ची नको. आठवड्यातून एकदा वीस जणांची खोली, एक कपाट आणि टपाल घेणारा माणूस पुरे. सकाळी-संध्याकाळी अभ्यासिका आणि मधल्या वेळेत बैठकीचा हॉल अशी दुहेरी जागा तिथं चालू शकेल, असं माझं मत आहे.

मुदखेडची गोष्ट वेगळी. गाव जंक्शन आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गाला इथून आदिलाबादची वाट फुटते. फुलांचा मुलुख आहे, गुलाब आणि झेंडू इथून नांदेडला आणि हैदराबादला जातो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तहसील आहे. पण ज्याला कार्यालय लागतं तो माणूस सकाळच्या गाडीनं नांदेडला जातो आणि संध्याकाळी परततो. वीस-पंचवीस हजारांच्या गावात साठ खुर्च्यांचं गिऱ्हाईक नाही आणि पुढच्या पाच वर्षांत ते होईल असं दिसतही नाही. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी मात्र आहेत, आणि त्यांना रोजचं जाणं-येणं वाचवणारी जागा हवी आहे. स्वतःचा वरचा मजला रिकामा असेल, इन्व्हर्टर असेल, मुलींसाठी वेगळी खोली आणि वेगळा जिना करता येत असेल, तर मुदखेडात पंधरा खुर्च्यांची अभ्यासिका टाकावी. घरची जागा म्हणून भाडं शून्य धरू नका. तो मजला दुसऱ्याला दिला असता तर जे आलं असतं ते दर महिन्याला वहीत खर्च म्हणून लिहा. एवढं लिहूनही काही उरत असेल तर सोळावी खुर्ची आणा. भाड्यानं जागा घेऊन मुदखेडात हे करू नये.